डावीकडची तारीख

१

कुलसचिवांनी फाईल दोन बोटांनी माझ्यापुढे सरकवली, जणू तिला वास येत होता.

"चार वाजता समिती बसते. त्याआधी तुमचा अहवाल हवा."

"आत्ता दहा वाजलेत."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुमचे निकाल झटपट लागतात."

टोमणा होता, तो मी पदरात घेतला. या विद्यापीठात मी एकोणीस वर्षं परीक्षा नियंत्रक होते. तेवढ्या काळात दोनशे बारा उत्तरपत्रिका रद्द केल्या आणि त्यातल्या एकीपायीही माझी झोप उडाली नाही. माझ्यामागे सगळे मला करवत म्हणायचे. माझ्या निरोप समारंभाला सात माणसं आली होती, त्यातली तीन वाट चुकून. आता चौकशीसाठी बाहेरचं माणूस हवं असा नियम आहे, आणि ज्याचं इथे कोणाशीच पटत नाही असं बाहेरचं माणूस म्हणजे मी.

प्रकरण साधं दिसत होतं. संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. दृष्टी अधू, बारीक अक्षर भिंगाखाली धरून वाचते. म्हणून परीक्षेत तिला वेगळी खोली आणि एक तास जादा मिळतो. पण ही परवानगी दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते. अर्ज विद्यार्थी सहाय्य केंद्रात द्यायचा, तिथल्या समुपदेशकांनी तो विभागप्रमुखांकडे न्यायचा, विभागप्रमुखांनी हो किंवा नाही लिहायचं. यंदा परीक्षा विभागानं मागच्या वर्षीचीच यादी पुढे ओढली. मुलगी जादा तास बसली. पेपर तपासताना विभागप्रमुखांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी तक्रार ठोकली की यंदाची परवानगी दिलीच कोणी. केंद्राची फाईल मागवली, तर तीत मुलीचा अर्ज निघाला, अगदी मुदतीतला. आणि अर्जामागे विभागप्रमुखांचं नकाराचं पत्र.

"नकार मिळूनही जादा तास घेतला, म्हणजे सरळ सरळ गैरप्रकार," कुलसचिव म्हणाले. "निकाल रद्द, नाव कमी. तिन्ही वर्षं पाण्यात."

"मुलगी काय म्हणते?"

"नकार तिला कोणी कळवलाच नाही म्हणते."

"आणि समजा, अर्ज केंद्रातच पडून राहिला असता, तर?"

"तर चूक आपली. तिचा निकाल कायम." त्यांनी खांदे उडवले. "पण पत्र आहे ना."

मी पत्र हातात घेतलं. चष्मा पर्समधून काढायच्या आत वाचून झालंसुद्धा. दोनच ओळी होत्या. 'जादा वेळेची विनंती अमान्य. विद्यार्थिनीस तसे कळवावे.' वर तारीख, खाली विभागप्रमुखांची सही, दोन्ही डाव्या कडेला चिकटलेली. हल्ली कोणालाच पत्राची मांडणी येत नाही. आमच्या वेळी असं पत्र मी परत पाठवलं असतं.

"मग यात मी शोधायचं काय?"

"एवढंच," कुलसचिव घड्याळाकडे बघत म्हणाले, "की विभागप्रमुख म्हणतात, हे पत्र त्यांनी लिहिलेलंच नाही."

२

संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांना मुलं उणेसर म्हणतात. गुण कापण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, म्हणून मी न विचारता बसले.

"माझा वेळ घेऊ नका," ते म्हणाले. "अर्ज माझ्याकडे आला असता तर मी नकारच दिला असता. आनंदानं दिला असता. ज्या मुलीला आलेख दिसत नाही तिनं संख्याशास्त्राला यावंच कशाला? पण अर्ज आलाच नाही. जे केलं नाही ते मी माझ्या नावावर घेणार नाही."

"सही तुमची आहे."

"सहीसारखी आहे. दिवसाला शंभर कागदांवर करतो. कोणीही गिरवेल."

"कोण गिरवेल?"

"तीच. नाहीतर केंद्रातलं कोणी. माझ्यावर सगळ्यांचाच दात आहे."

हे मात्र खरं होतं. जिन्यात दोघांनी मला अडवून सांगितलं होतं, सोडू नका त्याला. त्यांचं म्हणणं असं की नकार द्यायचा तर विद्यार्थ्याला समोर बसवून कारणं लिहून द्यावी लागतात. उणेसरांनी ते केलं नाही, म्हणून आता पत्रच नाकारून हात झटकताहेत. पटण्यासारखं होतं. शिवाय मलाही हा माणूस आवडत नव्हता, आणि न आवडणारा माणूस गुन्हेगार निघाला तर कोणाला नको असतं?

"तुमची वर्षभरातली पत्रं दाखवा. आणि त्या मुलीनं सोडवलेली प्रश्नपत्रिका."

त्यांनी गठ्ठा आदळला. मी चष्मा लावला, खिडकीशी गेले, तरी डोळ्यांना पाणी आलं. अक्षर कसलं, मुंग्यांची रांग. एका पानात त्यांनी तीन पानांचा ऐवज कोंबला होता. मांडणी मात्र जुन्या वळणाची, जिथल्या तिथे. तेवढ्यापुरता मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि तसा वाटल्याचा रागही आला.

"प्रश्नपत्रिकाही याच अक्षरात? त्या मुलीलाही?"

"सगळ्यांना एकच. तिच्यासाठी मोठ्या अक्षरात छापा म्हणून तीन वर्षं केंद्राची पत्रं येताहेत. मी एकदाही छापलेली नाही. उद्या बाहेरचं जग छापून देणार आहे का तिला?"

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा त्यांनी मागून टोला हाणला.

"केंद्राच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते आधी विचारा, बाई. तुमच्या घरचंच माणूस आहे की ते!"

३

केंद्राची लिपिक माझी धाकटी जाऊ आहे. सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून आमचं बोलणं बंद झालं, त्याला बारा वर्षं झाली. मशीन तिच्याकडे आहे. तिला शिवता येत नाही.

ती टेबलामागे बसली होती, पुढ्यात आवक-जावकची जाडजूड नोंदवही, वहीवर दोन्ही हात.

"हुद्दा?" मी विचारलं. चौकशी म्हणजे चौकशी.

"लिपिक. वरिष्ठ लिपिक झाले असते, पण एका परीक्षा नियंत्रकांनी माझ्या अर्जावर शेरा मारला होता."

"नोंदवही दाखव."

"हात लावायचा नाही. मी दाखवते, तुम्ही बघा."

तिनं पानं उलटली. मुलीचा अर्ज केंद्रात आल्याची नोंद होती, तारीख, वेळ, सगळं. पण तो विभागप्रमुखांकडे गेल्याची नोंद नव्हती. आणि त्यांचं नकाराचं पत्र आल्याचीही नव्हती.

"माझ्या वहीत नाही, म्हणजे गेलं नाही आणि आलं नाही."

"मग पत्र फाईलमध्ये उडून आलं?"

"सर म्हणतात, त्यांनी हातोहात नेलं आणि हातोहात आणलं. नोंद करायची राहिली म्हणतात." तिनं ओठ मुडपले. सर म्हणजे समुपदेशक.

"कपाटाच्या किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक सरांकडे."

"त्या मुलीनं तुझ्याविरुद्ध तक्रार केली होती."

"केली होती ना. मी पत्रं बारीक अक्षरात काढते म्हणून. मला काय कारखाना दिलाय का, एकेकीच्या मापानं अक्षर काढायला? तेव्हापासून तिचा कागद न् कागद सर स्वतः काढतात. माझी सुटका झाली."

म्हणजे राग होता, किल्ली होती, आणि नोंद करायची की नाही हेही तिच्याच हातात होतं. मनात मी अहवालाचं पहिलं वाक्य लिहायला घेतलं. खरं सांगते, ते लिहिताना मला बरं वाटत होतं. बारा वर्षांचं व्याज एका दिवसात वसूल होणार होतं.

"झालं का तुमचं, जाऊबाई?" ती म्हणाली. "मग आता माझं ऐका. उणेसरांची तक्रार मंगळवारी सकाळी आली. त्या दिवशी संध्याकाळी मी फाईल काढून बघितली. अर्ज होता. त्याच्यामागे काही नव्हतं. गुरुवारी समितीनं फाईल मागवली, तेव्हा त्यात पत्र होतं."

"हे समितीला का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलं? लिपिकाला विचारतं का कोणी?" तिनं वही मिटली. "आणि तुम्ही तरी ठेवणार आहात का विश्वास?"

४

समुपदेशकांचं दार कधीच बंद नसतं, असं या इमारतीत कोणीही सांगेल. खोलीत दोन खुर्च्या तिरक्या मांडलेल्या, भिंतभर मुलांनी लिहिलेली आभाराची पत्रं, आणि टेबलावर कागदांचे ढीग, हनुवटीला लागतील एवढे. ज्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात त्याच्यासमोर मी अवघडते. मला तशी सवय नाही.

"तिचं फार वाईट वाटतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तीन वर्षं बघतोय तिला. जिद्दीची आहे."

"अर्ज तुम्ही विभागप्रमुखांकडे नेलात?"

"स्वतः. चार दिवसांनी त्यांच्या टेबलावरून पत्र उचलून आणलं."

"ते म्हणतात, अर्ज आलाच नाही."

"ते काय म्हणणार दुसरं?" ते खिन्न हसले. "कारणं न देता नकार दिलाय. अंगाशी येतंय म्हटल्यावर..."

"मुलीला कळवलंत?"

"तोंडी. भेटली होती व्हरांड्यात. घाबरलेली होती, नीट ऐकलं नसेल तिनं."

"लेखी का नाही कळवलं?"

त्यांची बोटं टेबलावरच्या ढिगाच्या कडा सारख्या करायला लागली.

"लिहिणारच होतो. तीनशे चाळीस मुलं आहेत माझ्याकडे, बाई. कोणाला अपंगत्व, कोणाच्या घरात भांडणं, कोणी आठ दिवस खोलीबाहेर पडलेलं नाही. आणि मी एकटा. मागच्या बैठकीत कुलसचिव काय म्हणाले माहीत आहे? एक चूक दाखवा, केंद्राला कुलूप लावतो. त्यांना फक्त निमित्त हवंय."

"लिपिक म्हणते, मंगळवारी फाईलमध्ये पत्र नव्हतं."

"त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही," ते म्हणाले, आणि न बोलताच सगळं बोलले.

मी बाहेर पडले. दीड वाजला होता. तीन माणसं, तिघांची तीन तोंडं, आणि जिच्या वर्षांचा निकाल लागायचा होता तिला मी अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. ती व्हरांड्याच्या टोकाला उभी होती. माझी चाल ऐकून तिनं मान वळवली.

"तुम्हीच ना त्या करवतबाई?" ती म्हणाली. "माझ्या मोठ्या बहिणीचा पेपर तुम्हीच रद्द केला होता."

५

मी तिला रिकाम्या वर्गात बसवलं. पंचवीसेक बाकांत आम्ही दोघीच. तिच्या गळ्यात दोरीला भिंग लटकत होतं.

"तुझ्या बहिणीकडे नक्कल सापडली असेल," मी म्हटलं. "त्याशिवाय मी पेपर रद्द करत नव्हते."

"सापडली होती. मी नाही म्हणत नाही. पण ती परत कधी वहीला शिवली नाही. घरी तुमचं नाव कोणी घेत नाही." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "मी मात्र काही केलेलं नाही. आणि चौकशीला तुम्ही आलात. म्हणजे मी घरी काय सांगायचं ते ठरल्यातच जमा."

"समुपदेशक म्हणतात, त्यांनी तुला नकार तोंडी कळवला."

"सर असं म्हणाले?" तिनं भिंगाची दोरी बोटाला गुंडाळली. "नाही. मी दोनदा विचारायला गेले होते. दोन्ही वेळा म्हणाले, काळजी करू नकोस, झालं समज. सर विसरले असतील. ते मुद्दाम खोटं नाही बोलणार."

"मग विभागप्रमुख खोटं बोलताहेत."

"ते तर मला घालवायलाच बसलेत. पण ते तोंडावर बोलतात. पहिल्याच तासाला सगळ्यांसमोर म्हणाले होते, दिसत नाही तर घरी बस. मागून घाव घालायची त्यांना गरज काय?"

मी फाईल तिच्यापुढे ठेवली. "नकाराचं पत्र वाचलंस ना तू?"

"मला कोणी दाखवलंच नाही. पत्र आहे एवढंच सांगितलं."

मला लाज वाटली. ज्या कागदानं हिची मान कापायची तो कागद हिला दाखवायचं कोणालाच सुचलं नव्हतं. सकाळपासून मलाही नाही. मी पत्र तिच्या हातात दिलं.

तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, मग थोडं लांब धरलं. ओठ हलले. वर तारीख, मधल्या दोन ओळी, खालची सही. भिंग तिच्या गळ्यात लटकलेलंच होतं.

"हे विभागप्रमुखांचं पत्र नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"हे मला वाचता आलं."

६

सकाळी कुलसचिवांच्या खोलीत माझा चष्मा पर्समध्येच राहिला होता. वय पासष्ट, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलाय, आणि तरी ते पत्र मी बिनचष्म्याचं वाचलं. मला वाटलं दोन ओळी म्हणून. अक्षर केवढं आहे हे मी बघितलंच नाही. एकोणीस वर्षं कागद तपासण्यात घालवलेल्या बाईला ही गोष्ट एका मुलीनं दाखवावी!

"आणि तारीख डावीकडे आहे," मी म्हटलं. "सहीसुद्धा."

"हो." ती पत्राकडे बघेना. "मी भिंग डावीकडून सरकवत नेते. उजव्या कोपऱ्यात काही असलं तर ते सुटतं. पहिल्या वर्षी एका पत्राची तारीख कोपऱ्यात होती, मला कळलीच नाही, माझी तोंडी परीक्षा बुडाली. तेव्हा सरांनी माझ्याबरोबर बसून शोधून काढलं, की अक्षर केवढं हवं, दोन ओळींत जागा किती हवी, सगळं डावीकडून कसं सुरू करायचं. त्यांनी त्यांच्या संगणकावर तसा साचाच करून ठेवलाय. माझ्यासाठी."

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"मला आणि..." तिनं वाक्य सोडून दिलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. विभागप्रमुखांनी तीन वर्षं घातलेले सगळे घाव तिनं उभ्यानं सोसले होते. हा एक मात्र तिला बाकावरच बसवून गेला.

पण समितीपुढे एका मुलीचं म्हणणं म्हणजे काहीच नाही, हे मला पुरतं माहीत होतं. अशी किती म्हणणी मी स्वतः उडवून लावली होती. मला कागद हवा होता.

मी तिघांना चिठ्ठ्या पाठवल्या. 'आपले निवेदन तीन ओळींत, आपल्या सहीनिशी, तीन वाजेपर्यंत द्यावे. प्रत विद्यार्थिनीस द्यावी.' शेवटच्या वाक्याखाली मी रेघ मारली.

तीनला पाच कमी असताना तीन कागद माझ्यापुढे आले. दोन वाचायला मला चष्मा लावावा लागला. तिसऱ्याला नाही.

७

चार वाजता कुलसचिव मधोमध बसले, एका बाजूला उणेसर, दुसऱ्या बाजूला समुपदेशक. माझी जाऊ नोंदवही घेऊन कोपऱ्यात. मुलगी समोर, एकटी.

"अहवाल थोडक्यात सांगा," कुलसचिव म्हणाले.

"थोडक्यात सांगायचं तर हे पत्र खोटं आहे. आणि ते विभागप्रमुखांनी लिहिलेलं नाही."

उणेसरांनी नाक वर केलं. "मी काय सांगत होतो?"

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या चांगुलपणामुळे सुटलेला नाहीत तुम्ही." मी तिन्ही निवेदनं टेबलावर मांडली. "हे यांचं. मुंग्यांची रांग. तारीख उजव्या कोपऱ्यात. या माणसानं तीन वर्षांत या मुलीला तिला वाचता येईल असा एकही कागद दिलेला नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. असा माणूस तिला हाकलायचं पत्रच तेवढं मोठ्या अक्षरात काढील? यांचा दुष्टपणा हाच यांच्या बाजूचा पुरावा आहे. मला सांगताना जड जातंय, पण आहे."

उणेसरांचं वर केलेलं नाक खाली आलं.

"हे लिपिकाचं. हिचंही बारीक. मुलीचे कागद हिच्याकडून काढूनच घेतले होते, म्हणजे त्या साच्याशी हिचा संबंध नाही. हिला खोटं पत्र करायचं असतं तर तेही बारीकच निघालं असतं. शिवाय हिनं बघितलंय की तक्रार आली त्या दिवशी फाईलमध्ये पत्र नव्हतं. मी हिच्याशी बारा वर्षं बोलत नाही, तरी सांगते, हिची वही खोटं बोलत नाही."

जावेनं मान वर केली नाही. पण वहीवरचा एक हात खाली घेतला.

"आणि हे तिसरं." मी तिसरा कागद नकाराच्या पत्राशेजारी ठेवला. दोन्हींतलं अक्षर तेच, ओळींतली जागा तीच. दोन्हींची तारीख डावीकडे, दोन्हींची सही डावीकडे. "मुलीला प्रत द्यायची म्हटल्यावर या माणसाचा हात आपोआप या साच्याकडे जातो. परवाही तसाच गेला. पत्रात विद्यार्थिनीस कळवावे असं लिहिताना त्यांना एवढंच आठवलं, की हे ती वाचणार. बाकी सगळं त्यांनी विचार करून केलं. सही गिरवली, तारीख मागची घातली. एवढीच एक गोष्ट विचार न करता केली."

समुपदेशकांनी दोन्ही कागदांकडे बघितलं. मला वाटलं होतं ते भांडतील. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"अर्ज ढिगात राहिला," ते म्हणाले. "मंगळवारी तक्रार आली तेव्हा सापडला, मग फाईलमध्ये लावला. मी विसरलो होतो. एवढंच. विसरलो होतो."

"मग तसं सांगायचं!" कुलसचिव कडाडले.

"तुम्हाला? तुम्ही कुलूप हातात घेऊनच बसला होतात." ते मुलीकडे वळले. "मला वाटलं, कारणं न देता दिलेला नकार टिकणार नाही. दोष यांना लागेल, तू सुटशील, केंद्र वाचेल. पण समितीनं नकार धरून ठेवला. मग मला म्हणावं लागलं की तुला कळवलं होतं. एकदा बोलून बसलो, मग..."

"मग मला बुडू दिलंत," मुलगी म्हणाली.

मला त्यांची दया आली नाही, असं म्हणणार नाही. पण ज्यानं हिच्यासाठी भिंगामागे बसून कागदाची कड शोधली, त्यानंच तिला ढकलून दिलं, याचा राग दयेपेक्षा कितीतरी मोठा होता.

"अर्ज मुदतीत आला होता, पुढे गेला नाही," मी म्हटलं. "चूक विद्यापीठाची. निकाल कायम. आणि केंद्राला कुलूप लावायचा विचार असेल तर माझ्या अहवालाचं शेवटचं वाक्य आधी वाचा. तीनशे चाळीस मुलांमागे एक माणूस ठेवणारा कोण, तेही मी त्यात लिहिलंय."

कुलसचिवांचा चेहरा आंबला. "ठीक आहे. आदेश आत्ता काढा."

"तिला वाचता येईल असा काढा."

त्यांनी लिपिकाकडे बघितलं. "मला ते येत नाही," जाऊ म्हणाली. त्यांनी उणेसरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. तो साचा वापरणारा अख्ख्या विद्यापीठात एकच माणूस होता.

"मी काढतो," समुपदेशक म्हणाले.

ते शेजारच्याच आपल्या खोलीत गेले. त्यांच्या बोटांचा आवाज आम्ही सगळे ऐकत होतो. मध्ये एकदा तो बराच वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला. त्यांनी आणलेल्या कागदावर सगळं होतं. निकाल कायम असल्याचं, पत्र खोटं असल्याचं, आणि ते कोणी केलं हेही, हुद्द्यासकट. कुलसचिवांनी सही केली. मग विभागप्रमुखांची पाळी आली.

"सही डावीकडे," मी म्हटलं.

उणेसरांनी ती केली, कोणी हात पिरगाळल्यासारखी.

मुलीनं कागद घेतला. भिंग गळ्यात तसंच लोंबत होतं. तिनं उभ्यानं, सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळा आदेश वाचला. मग त्याची घडी केली आणि पिशवीत ठेवली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. बहिणीचा हिशेब तिच्या बाजूनं अजून मिटला नव्हता, आणि तो मिटावा असं मागायचं तोंड मला नव्हतं. दाराशी जाऊन ती समुपदेशकांसमोर थांबली.

"वाचता आलं, सर," ती म्हणाली, आणि निघून गेली.

समुपदेशकांनी मान हलवली, मुलांचं ऐकताना रोज हलवायचे तशी, आणि मग त्यांना रडू फुटलं. जावेनं आदेशाची नोंद केली, वेळ घातली आणि माझ्याकडे न बघता वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली आणि घरी गेले.